परत येण्याचे बंधन नाही

अर्जुनीच्या बसस्टँडमागे, पंक्चरवाल्याला लागून
माझं सेवा केंद्र. एक स्कॅनर, एक प्रिंटर,
आणि अंगठ्याचं यंत्र, जे रोवणीच्या दिवसांत
कुणालाच ओळखत नाही.
चिखलानं रेषा खाल्लेल्या असतात.

रहिवासी दाखले काढते मी, दिवसाला पंधरा-वीस.
"किती वर्षांपासून राहता?"
लोक हसतात. "जनमापासून, बाई. अन् कुठं जानार?"
मी टाइप करते: जन्मापासून.

खेमूदादाचा अर्ज उलट्या अंगाचा.
तो आर्कान्सात धानावरचा करपा शिकायला गेला.
तिथंही धान होतं, म्हणतो,
पण बांधीत कुणी वाकलेलं दिसत नाही.
सरकारी पैशानं गेला, म्हणून व्हिसात एक ओळ होती:
शिकून झालं की दोन वर्षं आपल्या देशात राहायचं.
अंगानं. मनानं राहिलेलं चालत नाही.
सातशे तीस दिवस भरेपर्यंत
तिकडे कायमचं राहायचा विषय काढायचा नाही.

फोनवर मी हिशेब घातला:
बाबा गेले तेव्हा अकरा दिवस होतास.
म्हणजे उरले सातशे एकोणीस.
तो म्हणाला, वकिलाला विचारलं होतं.
ते दिवस शिक्षण संपायच्या आधीचे.
ते धरत नाहीत.

मग आम्ही दोघंही काही बोललो नाही.
त्याच्या घरात भांडी धुवायचं यंत्र चालू होतं,
ते थांबलं, तेव्हा कळलं की चालू होतं.

लीनावहिनीची नोकरी तिथं. पोर तिथलीच,
मला आत्तू म्हणते, जिभेला पीळ देऊन.
तर सूट मागायची. सुटीला कागद लागतो.
कागदाचं नाव मी तीनदा वाचलं:
परत येण्याचे बंधन नाही.

जात, उत्पन्न, अल्पभूधारक, नॉन क्रिमीलेयर,
माझ्याकडचा प्रत्येक दाखला
माणसाला कुठल्या तरी खुंटीला बांधून देतो.
हा गाठ सोडणारा.
यालाही शिक्का लागतो, तीन ठिकाणचा,
आणि फाइल दोन एमबीच्या आत.
दादाची सही मी दाबून दाबून लहान केली.

चौकशीला पोलीस पाटील आले, टेकामभाऊ.
खुर्ची दिली तरी सपरीतच टेकले.
बँक? नाही. सोसायटी? नाही.
कोर्टकचेरी? नाही.
"आनिक कोनाचं देनं?"

तुळसाबाई नाकतोडे पऱ्ह्यांची पेंढी घेऊन चालली होती,
ती थांबली.
"माह्या बांधीतलं लुचईचं धान नेलं होतं त्यानं,
तंबाखूच्या डबीत.
सारी बांधी करपली, तेवढंच मूठभर उभं होतं.
काऊन उभं होतं, ते सांगतो म्हने.
सांगतलं का काही?"

टेकामभाऊंनी पेन उचलून माझ्याकडं पाहिलं.
रकाना दीड इंचाचा.
बहिणीच्या सहीला तर तेवढाही नव्हता.
मी म्हटलं, लिहा, निरंक.

रात्री दादाला कळवलं: चौकशी झाली, हरकत नाही.
त्यानं अंगठा पाठवला.
पिवळा, गुळगुळीत,
एकही रेष नसलेला.

दुसऱ्या दिवशी तुळसाबाई रेशनच्या केवायसीला आली.
यंत्र तिला ओळखेना.
मी तिचं बोट लिंबानं पुसलं, पदराला कोरडं केलं,
पुन्हा ठेवलं, पुन्हा.
सातव्यांदा हिरवा दिवा लागला.
ती उठली, दारात वळली.
"डबी तरी धाडंल का तो?
झाकनाची होती."